डब्यातलं वासरू

रेडिओ केंद्रात त्याला सगळे खुडबुड्या म्हणत, आणि ते नाव त्याने कमावलेलं होतं. नाटकात पाऊस लागला की तो पत्र्याच्या ताटात वाटाणे फिरवायचा. घोडा लागला की करवंट्या वाळूवर आपटायचा. लंगड्या म्हाताऱ्याची पावलं हवी असली की एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट चढवून खडीच्या पेटीत चालत राहायचा. नट मंडळी मायक्रोफोनपुढे उभी राहून भांडत, रडत, मरत. हा कोपऱ्यात उकिडवा बसून त्यांच्या भोवतीचं जग हाताने घडवून द्यायचा. नव्या माणसाला तो एकच गोष्ट शिकवायचा. खरा पाऊस माइकवर भजी तळल्यासारखा वाजतो. वाटाण्यांचा वाजतो तो पावसासारखा. कानाला खरं नको असतं, पटेल असं हवं असतं.

मग नाटक विभाग बंद झाला. सामान भंगारात जाणार होतं, ते त्याने दोन ट्रंकांत कोंबून घरी आणलं. त्याची बायको इस्पितळाच्या कपडेखात्यात चादरी-उशांची शिलाई करायची. तिने ट्रंका बघितल्या, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांचं एक सुटं दार बघितलं आणि म्हणाली, "आपल्या घरात दारं कमी पडत होती का?" एवढं बोलून तिनेच ते दार पलंगामागे उभं करून दिलं.

घरी बसून त्याला काही सुधरेना. जेवताना बोटं ताटावर वाजत, झोपेत टाळूला जीभ लावून तो टप टप करत असे. शेवटी बायको म्हणाली, "अहो, ताईंकडे जाऊन या थोडे दिवस. तिथे गुरं आहेत. ती तरी ऐकतील तुमचं."

ताई त्याच्याहून पुष्कळ मोठी. आई लवकर गेली तेव्हा तिनेच त्याला कडेवर वाढवलेलं. तिचं घर आणि गोठा वस्तीच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी. दाजी सकाळ-संध्याकाळ मोटारसायकलला दुधाचे कॅन लटकावून संकलन केंद्रावर नेत. मेव्हण्याला ते पहिल्यापासून रेडिओ म्हणत. त्याला फाटकात बघितलं की विचारत, "या रेडिओ, आज कुठलं स्टेशन?"

या खेपेला तो गेला तेव्हा मात्र दाजी थट्टेच्या मूडमध्ये नव्हते. गोठ्यातली सगळ्यात चांगली गाय, पांढरी म्हणत तिला, नुकतीच व्याली होती आणि वासरू जन्मताच गेलं होतं. तेव्हापासून तिने पान्हा चोरला होता. कास दगडासारखी झालेली. ताईने कोमट पाण्याने शेकलं, पुढ्यात आवडीचं खाणं ठेवलं, तासन्‌तास तिच्या पाठीवरून हात फिरवला. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून तेही पुढे उभं केलं. पांढरीने ते एकदा हुंगलं आणि शिंगाने बाजूला सारलं.

"आई आहे ती," ताई म्हणाली. "तिला फसवणं सोपं नाही."

खुडबुड्याच्या बोटांना चाळा मिळाला. त्याने शेजारच्या गोठ्यातल्या वासराचा आवाज फोनवर घेतला आणि पांढरीच्या कानाशी वाजवला. तिने कान टवकारले, फोन चाटला आणि तोंड फिरवलं.

"स्टेशन लागत नाही वाटतं," दाजी म्हणाले.

पण तो हरला नव्हता, उलट त्याला आता कुठे वाट दिसायला लागली होती. खरा आवाज खोटा वाटतोय म्हणजे आवाज बनवायला हवा. दुसऱ्या दिवशी तो घरून ट्रंक घेऊन आला. तेलाच्या रिकाम्या डब्याच्या बुडाला भोक पाडून त्यातून त्याने सुतळी ओवली, आतून गाठ मारली आणि ओल्या फडक्याने ती सुतळी ओढली. डबा हंबरला. ताई चुलीपाशी होती, ती हातातलं टाकून बाहेर आली. पांढरीनेही मान वळवली, पण नुसतीच बघत राहिली. दूध नाही.

काहीतरी कमी होतं. दोन दिवस तो गोठ्याच्या उंबऱ्यावर डबा घेऊन बसला. मग त्याला एक जुनं नाटक आठवलं. त्यात एक मूल गर्दीत हरवतं. लहान मुलाला हुकमी रडवता येत नाही, म्हणून ते रडं त्याने स्वतःच्या गळ्यातून काढलं होतं, श्वास बाहेर सोडत नव्हे तर आत ओढत. ऐकताना रेडिओ केंद्रावरच्या बायकांच्या अंगावर काटा आला होता. तोच आत ओढलेला श्वास त्याने डब्याच्या हंबरण्याला जोडला. एका वेळी दोन्ही, सुतळी आणि गळा.

पांढरी थरथरली. तिने दावं ताणलं आणि अशी हंबरली की बाकीच्या गाई उठून उभ्या राहिल्या. ताईचा हात कासेला लागायच्या आधीच दुधाच्या धारा जमिनीवर पडायला लागल्या.

दाजींनी टाळी वाजवली. ताई बादली सरकवून धार काढत बसली. भरलेली बादली उचलताना म्हणाली, "हे वासरू भुकेलं नाहीये रे. हे घाबरलंय."

"दूध आलं ना?"

"आलं," ती म्हणाली.

गोष्ट संकलन केंद्रापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. तिथला मॅनेजर मोठा बोलघेवडा, दगडालाही पान्हा फोडील असा. त्याने डब्याचा आवाज मशीनवर नीट भरून घेतला आणि एवढ्याशा स्पीकरच्या पेट्या करून गोठ्यागोठ्यांत टांगल्या. नुसत्या अडलेल्या गाईच नव्हे, चांगल्या चालणाऱ्या गाईही जास्त दूध सोडायला लागल्या. सभेत मॅनेजर म्हणाला, "नाटकवाला आणि गवळी एका बाजेवर बसले की काय होतं, ते बघून घ्या." लोक हसले, आणि खुडबुड्याला पहिल्या रांगेत बसवलं गेलं. आयुष्यात पहिल्यांदा भरल्या सभेने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. नाटकाच्या टाळ्या नटांच्या वाट्याला जात.

मग लोक त्याच्याकडे यायला लागले. कोंबड्या पाळणारा आला, मधमाश्यावाला आला. संकलन केंद्राने त्याला बसायला एक खोली दिली. तिथे तो ऐटीत सांगायचा, "दोन धंदे एकमेकांचं तोंड बघत नाहीत ना, तिथेच नवी गोष्ट दडून बसलेली असते. आपण फक्त ओळख करून द्यायची." बायको हे ऐकून म्हणे, "ओळख करून देणाऱ्याने आधी दोन्ही घरची चौकशी करावी." पण तिलाही त्याची बोटं शांत झालेली बघून बरं वाटत होतं.

आता रोज पहाटे आणि दिवेलागणीला पायथ्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला एकच वासरू ऐकू यायचं. पुढच्या गोठ्यात तेच, मागच्या गोठ्यात तेच. सगळीकडून एकच घाबरलेलं पिल्लू आईला बोलवत असायचं, आणि वर टेकडी अंधारत जायची.

पहिल्यांदा कुत्री बिघडली. ताईचा कुत्रा राखणीला एवढा तिखट, पण संध्याकाळ झाली की तो घरात शिरून बाजेखाली बसायला लागला. ओढून काढला तरी बाहेर जाईना. टोकाच्या गोठ्याचा कुत्रा तर एका सकाळी दिसलाच नाही. मालक म्हणाला, गेला असेल कुठे. मग आणखी एक गेला.

"तू जरा येऊन बघ," ताईने फोनवर सांगितलं. "आमची वासरं गप्प झालीत."

"म्हणजे?"

"तुझी पेटी सुरू झाली की आमची खरी वासरं तोंड मिटतात. आईच्या पोटाखाली शिरून उभी राहतात. भूक लागली तरी ओरडत नाहीत."

तो गेला. संध्याकाळच्या धारेच्या वेळी गोठ्याबाहेर उभा राहिला. पेटी सुरू झाली, आणि तो झाडांकडे बघायला लागला. जे ऐकू येत होतं त्याच्यामुळे नव्हे. त्याचा कान असा की एखादा आवाज नसला तरी त्याला तो टोचायचा. झाडावरची पाखरं या वेळी भांडायला हवी होती. ती गप्प होती. गवतातले किडे गप्प. त्याने बनवलेलं वासरू तेवढं ओरडत होतं, आणि बाकी सगळं जग श्वास धरून बसलं होतं.

त्या शांततेत टेकडीच्या अंगाने कुणीतरी लाकूड कापायला लागलं. घर्र घर्र, थोडं थांबून पुन्हा.

"या वेळी करवत कोण चालवतंय?" त्याने विचारलं.

ताई दाराशी बादली घेऊन उभी होती. "कुणी नाही," ती म्हणाली. "चार दिवस झाले. रोज थोडं खालून येतं."

असा आवाज त्याने स्वतः एका जंगलाच्या नाटकात बोथट करवतीने काढला होता, बिबट्यासाठी. टेकडीपलीकडच्या रानात बिबटे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते वस्तीकडे फिरकत नसत; म्हाताऱ्या लोकांच्या आठवणीतही एखाद-दुसऱ्या वेळचं. त्यांना खाली यायचं कारण नव्हतं. आता कारण होतं. पायथ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोज दोन वेळा पिल्लं ओरडत होती की आम्ही एकटी आहोत आणि घाबरलो आहोत.

ताईने त्याच्यादेखत पेटी खिळ्यावरून उतरवली.

दुसऱ्या दिवशी तो मॅनेजरकडे गेला. सगळं सांगितलं. मॅनेजरने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "योगायोग हो. रानात काय कमी आवाज असतात? आणि उद्या पेट्या काढल्या तर गाई आटतील, लोक माझ्या दारात येऊन बसतील." मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "शहरातून मोठी मंडळी येतायत तुमचं काम बघायला. सगळीकडे न्यायचं म्हणतायत. ती येऊन जाऊ देत. मग तुम्ही म्हणाल तसं. दाखवायला मात्र तुमच्या बहिणीचाच गोठा हवा, सुरुवात तिथली ना?"

इथे त्याने नाही म्हणायला हवं होतं, आणि ते त्याला तेव्हाही कळत होतं. पण मोठी मंडळी खास त्याच्यासाठी येणार होती. तो ताईकडे गेला आणि म्हणाला, "शेवटचं एकदा. मग मी स्वतः सगळ्या पेट्या उतरवतो."

ताई चारा तोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला करवत ऐकू आली होती ना?"

"एवढी माणसं असताना ते जवळ येतं का कुठे?"

तिने दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, "असू दे गं. रेडिओचं नाव होतंय तर होऊ दे." ती पुन्हा चारा तोडायला लागली. घरातल्या दोघांनी हट्ट धरला की ती असंच गप्प बसायची.

मंडळी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. गोठ्यापुढे खुर्च्या मांडलेल्या. मॅनेजरने भाषण लांबवलं आणि धारेची वेळ टळून गेली. खुडबुड्या सारखा टेकडीकडे बघत होता. अखेर पेटी लावली गेली, पाहुण्यांना नीट ऐकू यावं म्हणून आवाज पुरा चढवून. पहिल्या हाकेला पांढरीला पान्हा फुटला आणि पाहुण्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या हाकेला तिने कान मागे पाडले. तिसऱ्या हाकेला कडेची कालवड दावं तोडून गोठ्याच्या मागल्या अंगाला पळाली.

"आणतो मी," दाजी म्हणाले आणि तिच्यामागे गेले.

खुडबुड्याने ते ऐकलं, पण तो पाहुण्यांपैकी एकाच्या प्रश्नाला उत्तर देत होता. मागे चाऱ्याची गंजी होती. कालवड गंजीपाशी थरथरत उभी असणार, आणि दाजी तिचं तुटलेलं दावं उचलायला वाकले असणार. वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही, असं नंतर वनरक्षकाने सांगितलं. समोर बसलेल्यांना दिसलं काहीच नाही. ऐकू मात्र आलं, आणि तेही पेटीतल्या वासराच्या ओरडण्यात मिसळून. पाहुण्यांना वाटलं, हाही त्या आवाजाचाच भाग असावा. एकटा खुडबुड्या ओळखू शकला, कारण तो आवाज त्याने बनवलेला नव्हता.

सगळ्यात आधी ताई धावली, हातातल्या विळ्यासकट. जनावर तिला बघून गंजीवरून उडी मारून गेलं. पिवळं काहीतरी हललं, एवढंच. दाजी पालथे पडले होते आणि त्यांचा उजवा खांदा खांद्यासारखा राहिला नव्हता. मॅनेजर मोटारीकडे पळत होता. गोठ्यात पेटी चालूच होती. ती बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. ताईनेच ओरडून सांगितलं, "अरे, तुझं ते पोर गप्प कर आधी."

दाजी जगले. हात काढावा लागला. इस्पितळात खुडबुड्याची बायको ताईच्या शेजारी बसून राहायची. तो व्हरांड्यात उभा. एका दुपारी ताई बाहेर आली आणि त्याच्याशेजारी भिंतीला टेकली. त्याला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुला वाढवताना एक चूक झाली," ती म्हणाली. "तू लहानपणी खोटं खोटं रडायचास, आणि मला कळत असूनही मी धावत यायची."

पायथ्याच्या पेट्या उतरल्या, पण बिबट्या उतरायचा थांबला नाही. त्याला वाट कळली होती. दोन वासरं गेली. वनखात्याने पिंजरा लावला, आत बकरी बांधली. तो भोवती फिरून परत जायचा. शेवटी वनरक्षक खुडबुड्याकडे आला. गरीब स्वभावाचा, कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "ज्या हाकेने आला, त्याच हाकेने आत जाईल. पेटी द्या."

"पेटी नाही," खुडबुड्या म्हणाला. "पेटी मधे थांबत नाही. मी हाताने काढतो."

पिंजरा ताईच्या गोठ्यामागेच होता. गोठ्याची दारं-खिडक्या फळ्या ठोकून बंद केल्या आणि एका फटीपाशी तो डबा घेऊन बसला. वनरक्षक पिंजऱ्याच्या दोरापाशी. ताईला घरात जा म्हटलं तर ती म्हणाली, "डबा धरायला कुणीतरी लागेल," आणि मांडी घालून त्याच्यापुढे बसली. डबा तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला. उजेड अजून होता.

त्याने सुतळी ओढली आणि श्वास आत घेतला. पहिलीच हाक अशी निघाली की ताईने डोळे मिटून घेतले. इतके दिवस तो भीती बनवत होता. आज बनवावी लागली नाही. पाठीमागे पांढरीचं दूध अंधारात जमिनीवर पडत होतं, ते त्याला ऐकू येत होतं.

पाखरं गप्प झाली. करवतीचा आवाज आला नाही; या वेळी त्याला गरज वाटली नसावी. गंजीच्या कडेने बिबट्या चालत आला, सावकाश, घाई नसल्यासारखा. बरगड्या दिसत होत्या. पिंजऱ्याच्या तोंडाशी थांबून त्याने मान थोडी तिरकी केली आणि ऐकायला लागला.

खुडबुड्याने जन्मभर आवाज सोडले होते, पण ऐकणारा त्याने कधी बघितला नव्हता. नाटक संपलं की तो ताटातले वाटाणे गोळा करून घरी जायचा. कुठल्या खोलीत कोण कानाला रेडिओ लावून बसलंय, याचा विचार करायचं त्याला कारणच नव्हतं. आता तो ऐकणारा फटीतून दिसत होता. नाटकाला कुणी इतकं लक्ष दिलेलं त्याने पाहिलं नव्हतं. सुतळीवरचा हात घसरला. ताईने डोळे उघडून नुसती मान हलवली: काढ. त्याने आणखी एक हाक काढली. बिबट्या आत गेला. दार पडलं.

बिबट्याला लांबच्या रानात नेऊन सोडलं, असं म्हणतात. दाजी घरी आले. एका हाताने कॅन उचलायला शिकले; मोटारसायकल मात्र सुटली, दूध आता टेम्पो येऊन नेतो. मेव्हण्याला ते अजून रेडिओ म्हणतात, पण कुठलं स्टेशन ते विचारत नाहीत. ताई त्याला जेवायला वाढते, घरचं क्षेमकुशल विचारते. गोठ्यात मात्र त्याला ती एकटं सोडत नाही.

हे सगळं इथे संपलं असतं, पण आवाज नुसता पेट्यांतच नव्हता. पाहुण्यांपैकी कुणीतरी तो फोनवर घेतला होता. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जात तो कुठल्या कुठे पोहोचला. कुणी बनवला, कुठे बनवला, काय झालं, यातलं त्याच्याबरोबर काहीच गेलं नाही. एवढंच गेलं की गाय भरभरून देते.

खुडबुड्याने ट्रंका भंगारवाल्याला दिल्या. आठवड्यातून दोनदा तो बसने निघतो, टेकड्यांच्या कडेकडेने जाणाऱ्या गावांत उतरतो आणि दिवेलागणीला कान देऊन उभा राहतो. जिथून वासरू ऐकू येतं त्या गोठ्यात जातो. काही लोक ऐकून घेतात आणि आवाज कायमचा पुसून टाकतात. काही जण हसतात. आमच्याकडे कुठले बिबटे, म्हणतात. एका बाईने त्याला चहा दिला, सगळं ऐकलं, दाजींच्या हाताचं ऐकून हळहळली आणि त्याच्यासमोर फोन बंद केला. तिचा निरोप घेऊन तो रस्त्याला लागला. वळणापर्यंत पोहोचला असेल नसेल, तोच मागे ते पुन्हा सुरू झालं. तो थांबला. आवाज त्याचाच होता, कुणीतरी आणखी उंच केलेला, आणि त्याच्या डोक्यावरची झाडं एकेक करून गप्प होत चालली होती. बस यायला अजून अवकाश होता. तो मागे वळला आणि भराभर गोठ्याकडे चालू लागला.